घरशाळेतील चित्रदर्शन

घरीच शिकणाऱ्या मुलांना चित्रकला कोणी शिकवायची, असा प्रश्न निघाला की आईवडील प्रथम आपल्या हातांकडे पाहतात. भाषा, गणित, धर्मशिक्षण यांचा भार त्यांनी विश्वासाने उचललेला असतो. चित्रकलेपाशी मात्र 'आमच्या हातात ती कला नाही' असे म्हणून ते थबकतात. मग चारपाच कुटुंबे एकत्र येतात, आठवड्यातली एक सकाळ ठरते आणि जिला थोडेफार रेखाटता येते अशा एखाद्या आईच्या घरी दहाबारा लहानमोठी मुले जमतात. अमेरिकेत १९९३ पर्यंत सर्व राज्यांत गृहशिक्षणाला कायद्याची वाट मोकळी झाली होती. तिथे अशा गटांना 'को-ऑप' म्हणतात आणि त्यांत कॅथलिक कुटुंबांचे गटही पुष्कळ आहेत. आपल्या पुण्या-मुंबईत मुलांना घरी शिकवणारी कुटुंबे थोडी आहेत, पण प्रश्न त्यांच्याही पुढे तोच आहे.

या गटांतल्या चित्रकलेच्या तासामागे पुष्कळदा एका इंग्रज शिक्षिकेची पद्धत उभी असते. तिचे गुणगान मराठीत फारसे झालेले नाही. इंग्रजीत ते गरजेपेक्षा अधिक झाले आहे. म्हणून येथे तिची थोडी चिकित्सा करण्याचे योजिले आहे.

शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांचे 'होम एज्युकेशन' हे पुस्तक १८८६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढल्याच वर्षी पालकांची एक संघटना उभी राहिली आणि १८९१ पासून घरी शिकणाऱ्या मुलांना टपालाने अभ्यासक्रम पाठवणारी शाळा सुरू झाली. इंग्लंडच्या सरोवरप्रदेशातील अँबलसाइड या गावी बसून ही अविवाहित बाई दूरदूरच्या घरांतील मुलांनी काय वाचावे, काय पाहावे हे सत्रासत्राला ठरवीत असे. त्यांच्या मृत्यूनंतर हे नाव हळूहळू मागे पडले. १९८४ मध्ये सुझन शेफर मॅकॉली यांचे 'फॉर द चिल्ड्रेन्स सेक' निघाले, १९८९ मध्ये मेसनबाईंचे मूळ सहा खंड अमेरिकेत पुन्हा छापले गेले, आणि गृहशिक्षणाच्या चळवळीने त्यांना आपल्या आद्य आचार्यांच्या आसनावर बसवले. हे दोन्ही उद्योग प्रॉटेस्टंट वर्तुळातले; कॅथलिक कुटुंबांनी ही पद्धत मागाहून आपलीशी केली.

पद्धत साधी आहे. एका सत्रात एकच चित्रकार घ्यावयाचा आणि त्याची सहा चित्रे. प्रत्येक मुलाच्या हाती छापील प्रत द्यावयाची. मुलांनी चित्र दोनतीन मिनिटे मुकाट्याने पाहावयाचे. मग ते पालथे घालावयाचे, आणि जे डोळ्यांत राहिले ते ज्याने त्याने शब्दांत सांगावयाचे. शैली, संप्रदाय, कालखंड यांची व्याख्याने नाहीत. ती पुढे, मोठेपणी. शिक्षकाने मूल आणि चित्र यांच्या मध्ये उभे राहू नये, हा यामागचा दंडक. मूल हे घडवावयाचे मडके नसून जन्मतःच एक पुरती व्यक्ती असते, या मेसनबाईंच्या पहिल्याच तत्त्वातून तो निघालेला आहे.

ज्या आईला 'माझ्या हातात कला नाही' म्हणून संकोच वाटतो, तिला ही पद्धत वरदानासारखी वाटावी यात नवल नाही. येथे हाताची परीक्षा नाही, डोळ्याची आहे. आणि डोळे तर देवाने सर्वांनाच दिले आहेत. कुंचला धरता न येणाऱ्या पालकालाही मुलाला चित्राच्या सान्निध्यात नेता येते, हे या बाईंनी शतकापूर्वी सांगितले. ते अजूनही खरे आहे.

परंतु पद्धतीचा कस तिच्या तत्त्वात नव्हे, तिच्या नमुनापाठात लागतो. 'होम एज्युकेशन'मध्ये असा एक पाठ दिलेला आहे. चित्र आहे लँडसीरचे 'अलेक्झांडर अँड डायोजिनीस'. त्यात सम्राट आणि तत्त्वज्ञ हे दोघेही कुत्रे आहेत! एक ऐटबाज, दुसरा पिंपात बसलेला. आधी चित्राचे निरीक्षण, मग वर्णन, मग मुलांना ग्रीक कथेची ओळख, आणि शेवटी पाच मिनिटांत पेन्सिलीने चित्रातील मुख्य रेषा काढणे, अशा त्याच्या पायऱ्या आहेत. पाठ नीटस आहे. पण या चित्राची सारी गंमत कथेत आहे; कथा काढून घेतली तर हाती उरतात काही कुत्रे, सफाईने रंगवलेले. व्हिक्टोरियन काळाला चित्रातून गोष्ट ऐकण्याची जी हौस होती, ती येथे मुलांच्या माथी मारली गेली आहे. व्याख्यान नको म्हणणाऱ्या पद्धतीने कथेला मात्र दारातून आत घेतले. ही फट लहान दिसते. पुढे तिचीच भेग होते.

याहून बोलके उदाहरण त्यांच्या 'पेरेंट्स अँड चिल्ड्रेन' या पुस्तकात आहे आणि आपल्या वाचकांना त्यात विशेष स्वारस्य वाटेल. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला या डॉमिनिकन मठात 'स्पॅनिश चॅपेल' म्हणून ओळखले जाणारे एक दालन आहे. तिथल्या भिंतीवर आंद्रेआ दी बोनाइयुतो याने १३६५ ते १३६७ या काळात संत थॉमस अक्वायनस यांच्या गौरवाचे भित्तिचित्र रंगवले. मध्यभागी सिंहासनावर संत थॉमस, दोहों बाजूंना संदेष्टे आणि शुभवर्तमानकार, आणि खाली आसनांवर चौदा स्त्रिया: सात धर्मविद्या, सात लौकिक विद्या. प्रत्येकीच्या पायाशी त्या त्या विद्येचा एकेक महापुरुष. वरच्या घुमटावर पवित्र आत्म्याचे अवतरण. व्याकरण, गणित, संगीत या लौकिक म्हणवणाऱ्या विद्याही पवित्र आत्म्याच्याच प्रेरणेने माणसाला लाभतात, असा या चित्राचा अर्थ मेसनबाईंनी घेतला आणि त्यालाच आपल्या शिक्षणविचाराचा पाया मानले. अँग्लिकन पंथाच्या एका बाईला आपले शैक्षणिक बोधवाक्य डॉमिनिकन संन्याशांच्या भिंतीवर सापडावे, ही गोष्ट कॅथलिक वाचकाला सुखवणारी आहे. मी ती मोठ्या आनंदाने वाचली.

आनंद ओसरल्यावर मात्र एक शंका उरते. हे चित्र मेसनबाई पाहतात ते रस्किनच्या डोळ्यांनी. त्याच्या 'मॉर्निंग्ज इन फ्लॉरेन्स'मधील वर्णन त्या सविस्तर पुढे ठेवतात. चित्रकारांची नावेही त्या काळी रूढ असलेली, म्हणजे आता चुकीची ठरलेली, तीच येतात. तो त्यांचा दोष नव्हे. परंतु मुलांसाठी घालून दिलेला नियम, आधी मुकाट्याने पाहा, मग पालथे घाला, मग बोला, हा त्यांनी स्वतःच्या या सर्वांत प्रिय चित्राला लावलेला दिसत नाही. येथे चित्र आधी सिद्धान्त झाले आणि मग पाहिले गेले. कोणाही दहा वर्षांच्या मुलापुढे हे चित्र ठेवून पाहावे. त्याची नजर चौदा विद्यांवर ठरणार नाही. ती जाईल संत थॉमस यांच्या पायाशी जमिनीवर बसलेल्या तिघांकडे. हे तिघे कोण, खाली का बसले आहेत, मधला असा हातावर डोके टेकून का बसला आहे? त्यांची नावे सांगता येतील: एरियस, सबेल्लियस आणि इब्न रुश्द. ते पराभूत पाखंडी म्हणून तेथे बसवलेले आहेत, हेही सांगता येईल. पण मुलाचा प्रश्न नावांचा नसतो. त्या मधल्या माणसाच्या चेहऱ्यावर चित्रकाराने जो विचार रंगवला आहे, त्याचा तो प्रश्न असतो. आणि त्याला सिद्धान्तात उत्तर नाही.

आमच्या कॅथलिक घरांना हा मोह अधिकच आहे. चित्र ही आमच्याकडे प्रथम भक्तीची वस्तू असते, मग शिकवणुकीची, आणि चित्र म्हणून पाहण्याची वेळ आलीच तर सर्वांत शेवटी. येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर भिंतीवर चाळीस वर्षे असते. तिच्यातील हात कोणता वर आहे हे घरातल्या कोणाला विचारून पाहावे. भक्तीला त्याची गरज नाही, हे मान्य. परंतु गृहशिक्षणाच्या तासाला तेच चित्र आणले की ते सद्गुणाचे, संताच्या सणाचे किंवा एखाद्या संस्काराचे सचित्र परिशिष्ट होऊन बसते. मुलांनी पाहिलेच नाही तरी चालते. त्यांना उत्तर आधीच ठाऊक असते. संतांच्या छापील रेषाकृती मुलांपुढे टाकून 'रेषेबाहेर जाऊ नका, तेजोवलय पिवळेच रंगवा' असे सांगणारी पुस्तके तर मला कलाशिक्षणाच्या नावाखाली चाललेला शुद्ध वेळकाढूपणा वाटतो. त्यात धर्मही शिकवला जात नाही आणि रंगही.

एक परिचित चित्र घेऊन पाहू. फ्रेंच चित्रकार मिये याचे 'आंजेलुस' अनेक ख्रिस्ती घरांत, कॅलेंडरांवर, प्रार्थनापुस्तकांत दिसते. १८५७ ते १८५९ या काळातील हे चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. मूळ चित्र मोठे नाही, उंची सुमारे ५५ सेंटिमीटर, रुंदी ६६. तिन्हीसांजेची घंटा झाली आहे आणि शेतात काम करणारे स्त्रीपुरुष मान लववून प्रार्थना करीत आहेत, असे आपण सांगतो. सांगून झाले की पाहणे संपते.

आता नाव झाकून ते मुलांपुढे ठेवू. पुरुषाने टोपी काढून छातीपुढे दोन्ही हातांत धरली आहे. ती तो गोल फिरवीत असावा असे वाटते. त्याच्या बाजूला जमिनीत रोवलेले शेतीचे दातेरी अवजार. स्त्रीच्या पाठीमागे पोती लादलेली एकचाकी हातगाडी. दोघांच्या मध्ये जमिनीवर बटाट्यांची टोपली. आकाशात उजेड आहे, पण तो दोघांच्या चेहऱ्यांपर्यंत पोचत नाही. चेहरे काळोखात आहेत. आणि उजवीकडे, क्षितिजावर, नखाएवढे चर्चचे शिखर. हे शिखर मियेने नंतर घातले. चित्र मुळात बटाट्याच्या पिकासाठी केलेल्या प्रार्थनेचे म्हणून रंगवले होते, असे सांगतात. मागणी नोंदवणाऱ्या अमेरिकन गृहस्थाने ते नेले नाही, तेव्हा शिखर आले आणि नाव बदलले. पण मियेच्या मनात घंटा होतीच. शेतात काम करताना घंटा ऐकली की आपली आजी सर्वांना थांबवी आणि मृतांसाठी प्रार्थना करावयास लावी, अशी आठवण त्याने पुढे सांगितली आहे.

म्हणजे या चित्रात दोन गोष्टी आहेत, मातीची आणि घंटेची. धर्मशिक्षणाच्या घाईत आपण घंटेचीच घेतो. वसईच्या बागायतीत वाढलेले मूल मात्र मातीपासून सुरुवात करील. इतक्या मोठ्या शेतात दोघेच का? टोपली एकच का? पोती भरली म्हणजे काम संपले, की उद्या परत यावयाचे? या प्रश्नांना धर्मबाह्य म्हणून बाजूला सारणारा शिक्षक चित्राचा अर्धा भाग फाडून टाकतो. दमलेल्या अंगाने केलेल्या प्रार्थनेचे हे चित्र आहे. दमणूक दिसली नाही तर प्रार्थनाही दिसत नाही.

येथे गटाचा मुद्दा येतो आणि माझ्या मते तोच या सर्व विचाराचा गाभा आहे. गृहशिक्षण घेणाऱ्या मुलांना एकत्र आणण्याची कारणे पालक सांगतात ती अशी: सोबत मिळते, रंगसाहित्याचा खर्च वाटला जातो, एका जाणकार व्यक्तीचा लाभ सर्वांना होतो. सारी खरी आहेत, पण चित्रदर्शनाच्या बाबतीत ती दुय्यम आहेत. घरात चित्र पाहणारी दोनच माणसे असतात, मूल आणि आई. मूल हुशार असते. आईला काय सांगितले म्हणजे तिचा चेहरा उजळतो, हे त्याला दोन आठवड्यांत कळते, आणि मग ते चित्रात तेच पाहू लागते. आईने एक शब्दही न बोलता ती मुलाच्या आणि चित्राच्या मध्ये येऊन उभी राहिलेली असते. मेसनबाईंच्या दंडकाला ही गोष्ट सुचलेली नाही. शिक्षकाने बोलू नये असे त्यांनी सांगितले. पण प्रेमाच्या माणसाचे मौनही मुलाला वाचता येते.

गटात हे चालत नाही. चित्र पालथे घातल्यावर सहा वर्षांची मुलगी सांगते की टोपली बाईच्या हातात होती. तेरा वर्षांचा मुलगा म्हणतो, हातात नव्हती, खाली होती. तिसरा म्हणतो, टोपली नव्हतीच, पोती होती. कोणी म्हणते, बाई रडत होती. आता शिक्षिकेने निवाडा द्यावयाचा नाही. चित्र पुन्हा सुलटे करावयाचे. निवाडा चित्र करते. टोपली खाली आहे, हे एका नजरेत मिटते. बाई रडते आहे की नाही, हे मिटत नाही, कारण तिचा चेहरा मियेने मुद्दाम अंधारात ठेवला आहे. काही प्रश्न पाहिल्याने सुटतात आणि काही पाहिल्यामुळेच उघडे राहतात, हा भेद मुलांना कोणी न सांगता समजतो. एकट्या मुलाला हा धडा मिळण्याचा मार्ग मला दिसत नाही. त्याला दुसरा शिक्षक नको आहे; दुसरे मूल हवे आहे, ज्याने तेच चित्र निराळे पाहिले.

म्हणून मुलांची वयवार विभागणी करून, धाकट्यांना रंगवायला आणि थोरल्यांना कलेचा इतिहास, अशी जी व्यवस्था काही गट सोयीसाठी करतात ती मला पटत नाही. धाकटी मुले तपशील उचलतात, थोरली रचना पाहतात. दोघांना वेगळे बसवले की दोघेही अर्धेच पाहतात.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात आईवडिलांना मुलांचे प्रथम आणि प्रमुख शिक्षक म्हटले. गृहशिक्षण करणारी कॅथलिक कुटुंबे या वचनाचा आधार घेतात आणि तो सार्थ आहे. तथापि प्रमुख शिक्षक म्हणजे प्रत्येक गोष्टीचा अखेरचा पंच नव्हे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ मध्ये कलावंतांना उद्देशून जे पत्र लिहिले, त्यात ख्रिस्तमंडळाला कलेची गरज आहे असे स्पष्ट म्हटले आहे. गरज आहे ती कलेची, आपल्याला आधीच ठाऊक असलेल्या उत्तरांच्या सुशोभनाची नव्हे, असा त्याचा अर्थ मी घेतो.

आता हाताविषयी. मेसनबाईंच्या नमुनापाठातील शेवटची पायरी, पाच मिनिटांत मुख्य रेषा काढणे, ही मला त्यांच्या साऱ्या पद्धतीतील सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी वाटते. हाताचे शिक्षण त्यांनी वगळले होते असे नाही. निसर्गाच्या वहीत डहाळी, फूल, पाखरू जसे दिसेल तसे कुंचल्याने थेट उतरवण्याचा पाठ त्यांच्या मुलांना असे. परंतु पाहणे एका तासाला आणि काढणे दुसऱ्या तासाला, अशी ताटातूट झाली की गटात सोपे तेवढे उरते. सांडलेले पाणी, माखलेली फरशी, घरी जाण्याची घाई. मग शब्दांत सांगितले तेवढे पुरे, असे ठरते. ज्या मुलाला शब्द सापडत नाहीत ते मागे पडते. अशा मुलाच्या हाती कोळशाचा तुकडा दिला तर तो क्षितिजाची आडवी रेषा एका फटक्यात ओढतो आणि तिला छेदून वर येणाऱ्या दोन उभ्या माणसांना बरोबर जागी उभे करतो. बोलक्या मुलांच्या ध्यानात ती रेषा आलेलीही नसते. दोघांची माणसे जमिनीत रोवल्यासारखी का दिसतात, याचे उत्तर त्या रेषेत आहे. पाच मिनिटे अपुरी आहेत. वीस द्यावीत, आणि काढून झाल्यावर मूळ चित्र पुन्हा पाहू द्यावे. ते दुसरे पाहणे पहिल्याहून खोल असते.

आपल्या महाराष्ट्रात याला समांतर असे एक नाव आहे, स्मरणचित्र. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षांनी ते घरोघर पोचवले. नाव सुंदर आहे, व्यवहार दयनीय. बसथांबा, बाजार, विसर्जन यांसाठी मार्गदर्शकातून पाठ केलेल्या मनुष्याकृती मुले परीक्षेच्या कागदावर मांडतात. ती आठवण पाहिलेल्याची नसून पाठांतराची असते. घरी शिकणाऱ्या मुलांवर शाळेच्या वेळापत्रकाची सक्ती नाही. त्यांनी तरी हा शब्द त्याच्या खऱ्या अर्थाने वापरात आणावा.

राहिला प्रश्न कोणती चित्रे निवडावीत याचा. इंग्लंड-अमेरिकेतील याद्या तशाच उचलणे सोपे आहे, आणि मियेला किंवा फ्रा अँजेलिकोला परके मानण्याचे कारण मला दिसत नाही. पण सहा चित्रांचे एक सत्र अँजेलो दा फोन्सेका यांना द्यावे, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते. १९०२ मध्ये गोव्यात सांतो एस्तेव्हाव येथे जन्मलेल्या या चित्रकाराने शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याजवळ शिक्षण घेतले. मरियेला आणि ख्रिस्ताला त्यांनी या भूमीची वस्त्रे आणि मुद्रा दिल्या, त्याबद्दल गोव्यात रोष पत्करला आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून आयुष्यभर रंगवीत राहिले. १९६७ मध्ये ते वारले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. मोठ्यांनी त्यांच्या चित्रांत आजवर मुख्यतः एकच गोष्ट पाहिली, साडी. काहींनी तिच्यावर राग धरला आणि काहींनी तिचा अभिमान वाहिला. दोघांनीही रेषा पाहिली नाही, की पातळ रंगांचे एकावर एक दिलेले लेप पाहिले नाहीत. मुलांना साडीचे काहीच अप्रूप वाटणार नाही. ती आजी रोज नेसते. त्यामुळे त्यांची नजर सरळ चित्रावर जाईल.

अडचण आहे ती प्रतींची. मुलांच्या हातात देता येतील अशा, स्वस्त आणि रंगांशी इमान राखणाऱ्या प्रती मिळाल्याशिवाय हे सत्र उभे राहणार नाही. एखाद्या धर्मप्रांताने किंवा प्रकाशनाने सहा चित्रांचा एक संच काढावा. आकार वहीच्या पानाएवढा असावा, कागद जाड, म्हणजे तो दहा हातांतून फिरला तरी मुडपणार नाही. चित्राखाली नाव छापू नये. मागची बाजू कोरी ठेवावी. पालथे घातल्यावर तिच्यावर वाचण्यासारखे काही नसावे.